इंटरकूलर पाइपिंग (जुन्या टर्बोचार्ज्ड मोटारी)

टर्बोचार्जरच्या कॉम्प्रेसरमधून बाहेर पडलेली दाबयुक्त हवा इंटरकूलरपर्यंत आणि तेथून पुढे इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डपर्यंत नेणाऱ्या नळ्या, लवचीक होज, क्लॅम्प आणि जोड यांच्या एकत्रित व्यवस्थेस इंटरकूलर पाइपिंग असे म्हणतात. टर्बो ते इंटरकूलर या भागास गरम बाजू, तर इंटरकूलर ते मॅनिफोल्ड या भागास थंड बाजू म्हणण्याची पद्धत आहे. नव्या मोटारीत हा मार्ग कारखान्याने ठरवलेला असतो. मात्र पंधरा-वीस वर्षे जुन्या मोटारीत होज कडक किंवा मऊ झालेले असतात, इंजिनाचे रबरी माउंट खचलेले असतात आणि मूळ सुटे भाग अनेकदा मिळत नाहीत. अशा वेळी नळ्या नव्याने बनवून घ्याव्या लागतात आणि त्या कोठून न्यायच्या हा प्रश्न गॅरेजमध्ये सोडवावा लागतो.

या विषयावरील चर्चेत नळीचा व्यास आणि मार्गाची लांबी यांवर सर्वाधिक भर दिला जातो. प्रत्यक्ष आकडेमोड केल्यास, मूळ क्षमतेच्या इंजिनात या दोन्ही गोष्टींचा परिणाम मर्यादित असल्याचे आढळते. जुन्या मोटारीत मार्ग चांगला की वाईट हे मुख्यतः जोड किती टिकतात, इंजिनाच्या हालचालीत नळी घासते का आणि तेल-पाणी कोठे साचते यांवर ठरते.

पार्श्वभूमी

निकास वायूंमधील ऊर्जेवर कॉम्प्रेसर चालवून इंजिनात जास्त हवा भरण्याच्या कल्पनेचे एकस्व स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये घेतले. पुढील अनेक दशके तिचा उपयोग जहाजे, आगगाड्यांची इंजिने, विमाने आणि अवजड वाहनांपुरता राहिला. १९६२ मध्ये अमेरिकेत शेवरोले कोर्व्हेर आणि ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बोचार्ज्ड प्रवासी मोटारी विक्रीस आल्या. इंटरकूलर मोटारींत रुळण्यास १९७०च्या दशकाची अखेर उजाडली. १९७८ मधील ३.३ लिटर पोर्श ९११ टर्बो आणि १९८० मधील ऑडी क्वाट्रो ही त्याची ठळक उदाहरणे होत. पोर्शमध्ये इंटरकूलर मागील इंजिनाच्या वर, पंखासारख्या स्पॉयलरखाली बसवलेला होता. इंटरकूलरची जागा आणि गाडीचा बाह्य आकार यांचा संबंध तेव्हापासूनच जोडला गेला आहे.

भारतीय वाचकाला हा शब्द बहुधा मालमोटारींमुळे परिचित आहे. टाटाच्या ट्रकवर लिहिलेली ‘टीसीआयसी’ ही अक्षरे म्हणजे ‘टर्बोचार्ज्ड इंटरकूल्ड’ या शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. प्रवासी वाहनांपैकी १९९८ मध्ये आलेल्या टाटा सफारीत १९४८ घन सेंटिमीटरचे टर्बो-इंटरकूल्ड डिझेल इंजिन होते. ही गाडी पुण्यात तयार होत असे. २००२ मध्ये महिंद्राने नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ बाजारात आणली. तिचे २६०९ घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिनही टर्बो आणि इंटरकूलर असलेले होते. पेट्रोल गटात शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे तयार झालेली फियाट लिनिया टी-जेट ही २०१० मधील गाडी महत्त्वाची ठरते. तिच्या १३६८ घन सेंटिमीटरच्या इंजिनाची शक्ती ११४ पीएस होती.

या गाड्यांची जन्मस्थाने पुणे-नाशिक महामार्गाच्या दोन टोकांना आणि त्याच्या आजूबाजूला आहेत. जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके याच महामार्गावर येतात. दोन्ही तालुक्यांत पारगाव नावाची गावे आहेत आणि आंबेगावची हद्द शिरूरला भिडते. त्यामुळे मंचर, नारायणगाव, आळेफाटा या बाजारपेठांच्या परिसरातील रस्ते, हवामान आणि वापर हे या लेखात उदाहरण म्हणून घेतले आहेत. येथील जमीन समुद्रसपाटीपासून साधारण ६०० ते ७०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो, तर पश्चिमेला माळशेज घाटाकडे पावसाळ्यात धो धो पाऊस असतो. शेतमाल आणि माणसे घेऊन घाट चढणाऱ्या जुन्या गाड्यांच्या टर्बोला येथे पुरेपूर काम पडते.

हवा थंड करण्याचा हिशेब

हवा दाबली की तापते. सुमारे ६५० मीटर उंचीवर बाहेरील हवेचा दाब ०.९४ बार आणि तापमान ३५ अंश सेल्सिअस धरू. टर्बोने त्यात ०.८ बारची भर घातली, तर एकूण दाब १.७४ बार होतो, म्हणजे मूळ दाबाच्या १.८५ पट. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के मानल्यास बाहेर पडणारी हवा जवळपास १२० अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा विरळ असते. त्यामुळे दाब वाढूनही सिलिंडरमध्ये अपेक्षेइतका प्राणवायू जात नाही आणि पेट्रोल इंजिनात नॉकिंगचा धोकाही वाढतो.

इंटरकूलरने तापमानातील वाढीचा ७० टक्के भाग काढून घेतला, तर हवा सुमारे ६१ अंशांवर येते. दाब तोच राहिला असे मानल्यास हवेची घनता साधारण १८ टक्क्यांनी वाढते. परंतु इंटरकूलर आणि नळ्यांतून जाताना दाब थोडा घटतोच. ही घट ०.१ बार असेल, तर निव्वळ फायदा ११ टक्क्यांवर उतरतो. थंड करण्यामुळे झालेल्या लाभाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग वाटेतच खर्च होतो. इंटरकूलर मोठा बसवला की शक्ती आपोआप वाढते, हा समज त्यामुळे अपुरा आहे.

व्यास आणि लांबी

वरील परिस्थितीत दोन लिटरचे इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर चालत असताना ५० मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीतून हवा सेकंदाला सुमारे ३० मीटर वेगाने वाहते. या वेगाला एक मीटर सरळ गुळगुळीत नळीतील घर्षणामुळे होणारी दाबघट साधारण ०.००३ बार एवढीच असते. मोठ्या त्रिज्येच्या, गोलाईदार काटकोनी वळणातील घट त्याहूनही थोडी कमी भरते. तोच काटकोन दोन नळ्या तिरक्या कापून, टोकदार कोपरा ठेवून वेल्डिंग केला, तर घट चौपट किंवा त्याहून जास्त होते. दोन मीटर नळी आणि चार गोलाईदार वळणे यांची एकूण घट सुमारे ०.०१५ बार धरली, तरी ती इंटरकूलरच्या गाभ्यात होणाऱ्या घटीच्या तुलनेत किरकोळ आहे.

व्यास ६३ मिलिमीटर केल्यास नळ्यांतील घट जवळपास ४० टक्क्यांवर येते. मात्र मूळ आकडाच लहान असल्याने हा फायदा चालकाला जाणवण्याजोगा नसतो. उलट मोठी नळी जुन्या गाडीच्या बोनेटखाली बसवताना बॅटरीचा ट्रे, एसीच्या नळ्या आणि वायरिंग यांच्याशी तडजोड करावी लागते. जोडांवर येणारे बलही वाढते, त्याचा विचार पुढे केला आहे.

लांब नळीमुळे टर्बो उशिरा प्रतिसाद देतो, असेही वारंवार सांगितले जाते. दोन मीटर लांब आणि ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीत साधारण चार लिटर हवा मावते. तिचा दाब ०.८ बारने वाढवण्यासाठी वातावरणातील सुमारे तीन लिटर हवा अधिक लागते. मिनिटाला २००० फेऱ्यांवर हेच इंजिन टर्बोच्या मदतीशिवायही सेकंदाला २९ लिटरच्या आसपास हवा ओढते. या तुलनेत नळीची भर थोडी आहे. जुन्या डिझेल गाड्यांतील विलंबाचे मुख्य कारण कमी वेगाला निकास वायूंत पुरेशी ऊर्जा नसणे आणि टर्बोच्या चक्राला वेग घेण्यास लागणारा वेळ हे आहे. नळी दोन-चार वीत कमी करण्यासाठी ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डला खेटून नेणे हा वाईट सौदा ठरतो.

इंटरकूलरची जागा आणि त्यानुसार ठरणारा मार्ग

इंटरकूलर कोठे आहे यावर नळ्यांचा मार्ग अवलंबून असतो. पहिल्या पिढीच्या स्कॉर्पिओत तो इंजिनाच्या वर बसवलेला आहे आणि बोनेटवरील झरोक्यातून त्याला हवा मिळते. अनेकांना हा झरोका केवळ शोभेचा वाटतो, परंतु तो बुजवल्यास इंटरकूलरचे काम मंदावते. या मांडणीत नळ्या अत्यंत आखूड राहतात, जोड वरून दिसतात आणि हाताला लागतात. दोष असा की खाली इंजिन तापलेले असते. गाळप हंगामात पारगावजवळील दत्तात्रयनगर येथील भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी संथ चालली, की झरोक्यातून फारशी हवा येत नाही आणि इंटरकूलरचा गाभा खालून तापत जातो. त्यानंतर ओव्हरटेक करताना पहिले काही क्षण इंजिनाला गरमच हवा मिळते. गाडीने वेग घेतल्यावर स्थिती पूर्ववत होते.

इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसवण्याची पद्धत ट्रकमध्ये सर्रास आढळते. त्याला सर्वांत थंड हवा मिळते, परंतु नळ्या इंजिनाच्या एका बाजूने पुढे जाऊन दुसऱ्या बाजूने परत आणाव्या लागतात. मूळ इंटरकूलर नसलेल्या किंवा वर बसवलेला असलेल्या जुन्या गाडीत असा बदल केल्यास मार्गाचे तीन पर्याय उरतात: रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्याला भोक पाडून, रेडिएटरच्या वरून, किंवा त्याच्या खालून. बाजूने जाणारा मार्ग हवेच्या दृष्टीने सरळ असला, तरी पत्र्याला पाडलेल्या भोकाच्या कडा गुळगुळीत करून त्यावर रबराची किनार बसवणे आवश्यक असते. ती नसल्यास कड नळीला करवतीसारखी कापते. तेथे गंजरोधक रंगही द्यावा लागतो, कारण जुन्या गाडीत गंज आधीच सुरू झालेला असतो. वरून जाणाऱ्या मार्गात बोनेट बंद होताना नळी दाबली जाण्याची शक्यता असते. खालून जाणारा मार्ग मोकळा वाटला, तरी गावोगावचे गतिरोधक आणि शेताच्या बांधावरचे दगड पाहता आपल्याकडे तो शक्यतो टाळावा. नळी गाडीचा सर्वांत खालचा भाग होता कामा नये.

पुढील इंटरकूलरमागे एसीचा कंडेन्सर आणि त्यामागे रेडिएटर असतो. त्यामुळे पुढे बसवलेला जाड इंटरकूलर इंजिनाच्या थंडाव्यात अडथळा आणतो. घाटात पूर्ण भार असताना एसी चालू ठेवून पाण्याचे तापमान तपासल्याशिवाय हा बदल यशस्वी झाला असे मानता येत नाही.

तिसरी जागा म्हणजे पुढच्या चाकाच्या वरच्या मडगार्डमागील पोकळी. येथे नळ्या मध्यम लांबीच्या राहतात, पण इंटरकूलर लहान असतो, त्याला हवा नेण्यासाठी बंपरपासून वाहिनी लागते आणि चाकाने उडवलेला चिखल त्याच्या पंखांत अडकतो.

चाकण येथे तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयच्या १.२ लिटर इंजिनात हा सगळा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला आढळतो. तिचा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच सामावलेला असून तो पाण्याने थंड होतो. उष्णता पुढच्या भागापर्यंत वाहून नेण्याचे काम पाण्याची बारीक नळी करते, त्यामुळे दाबयुक्त हवेच्या लांब नळ्यांची गरजच राहत नाही. जुन्या गाडीत असे रूपांतर करता येते, पण पंप, वेगळा लहान रेडिएटर आणि त्यांची गळती हे नवे व्याप मागे लागतात.

उष्णता

डिझेल इंजिनात पूर्ण भाराखाली निकास वायूंचे तापमान ६०० ते ७५० अंशांपर्यंत आणि टर्बो पेट्रोल इंजिनात ९०० अंशांच्याही वर जाऊ शकते. साहजिकच थंड बाजूची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर ठेवावी, असा नियम सांगितला जातो. त्याचे कारण मात्र अनेकदा चुकीचे दिले जाते. पूर्ण भारात हवा इतक्या वेगाने जाते, की बोनेटखालच्या गरम हवेतून गेलेली एक मीटर नळी तिचे तापमान साधारणतः अंश-दोन अंशच वाढवते. संथ वाहतुकीत ही वाढ जास्त असते, पण तेव्हा शक्तीची गरज कमी असते. खरा धोका होजला असतो. वाहनांतील सामान्य ईपीडीएम रबर १२० ते १३० अंशांच्या पुढे लवकर कडक होते आणि चिरते. वर काढलेल्या उदाहरणात टर्बोतून बाहेर पडणारी हवाच १२० अंशांवर आहे. त्यात मॅनिफोल्डच्या किरणोत्सर्गी उष्णतेची भर पडली, तर गरम बाजूचा पहिला होज सर्वांत आधी निकामी होणार हे उघड आहे.

सिलिकॉनचे होज अधिक तापमान सोसतात, म्हणून जुन्या गाड्यांना ते बसवले जातात. परंतु साध्या सिलिकॉनला इंजिन ऑइलचे वावडे असते. ऑइल झिरपून थर सुटतात आणि बाहेरून होज घामेजल्यासारखा दिसतो. टर्बो डिझेलसाठी आतून फ्लुरोसिलिकॉनचे अस्तर असलेला होज घ्यावा लागतो. किंमत जास्त असली, तरी गरम बाजूला ही काटकसर परवडत नाही. मॅनिफोल्डजवळून जाणाऱ्या भागावर पत्र्याचे उष्णतारोधक कवच लावल्यास बराच फरक पडतो.

हालचाल

इंजिन रबरी माउंटवर बसलेले असते आणि ॲक्सिलरेटर दाबताच ते डोलते. सफारी किंवा स्कॉर्पिओसारख्या उभ्या इंजिनाच्या गाडीत ते डावी-उजवीकडे कलते. लिनियासारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीत ते पुढे-मागे कलते. टर्बो इंजिनावर असतो आणि इंटरकूलर बहुधा गाडीवर, त्यामुळे दोहोंना जोडणारी नळी पूर्णपणे ताठ असून चालत नाही. प्रत्येक बाजूला किमान एक लवचीक होज हवाच आणि तो इंजिनाजवळ असावा.

चासीवर बॉडी वेगळी बसवलेल्या गाड्यांत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. सफारी आणि स्कॉर्पिओत इंजिन चासीवर असते, तर बॉडी स्वतंत्र रबरांवर. म्हणजे इंजिन, चासी आणि बॉडी या तिन्ही गोष्टी आपापल्या परीने हलतात. इंटरकूलर चासीला आणि नळीचा आधार बॉडीच्या पत्र्याला बांधला, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर ती नळी दोघांमध्ये ओढली जाते. वेल्डिंगच्या कडेला पडणाऱ्या बारीक चिरांचे कारण बऱ्याचदा हेच असते. नळीचा आधार शक्यतो ज्या भागावर इंटरकूलर आहे त्याच भागावर घ्यावा.

नळी आणि शेजारील वस्तू यांत उभ्या गाडीत एक बोटभर आणि इंजिन ज्या दिशेला कलते त्या बाजूला दोन बोटे अंतर ठेवण्याचा कारागिरांचा ठोकताळा समाधानकारक आहे. मात्र हे अंतर माउंट ठीक असतानाच मोजले पाहिजे. खचलेल्या माउंटवर मापे घेऊन नळ्या बनवल्या आणि नंतर माउंट बदलले, तर इंजिन वर उचलले जाते आणि सगळी मापे चुकतात. या कामात माउंट आधी आणि नळ्या नंतर हा क्रम अनेकदा उलटा होतो.

जोड

५० मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या टोकावर ०.८ बार दाबामुळे सुमारे १५७ न्यूटन, म्हणजे साधारण १६ किलो वजनाइतके बल येते. ६३ मिलिमीटर व्यासाला हे बल २५ किलोंवर जाते. नळीला वळण असेल तेथे हे बल होजला नळीवरून बाहेर ढकलते, आणि प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर दाबून सोडताना ते येते-जाते. एका घाटात असे शेकडो वेळा होते.

म्हणून नळीच्या टोकाभोवती उंचवट्याची गोल कड असणे अनिवार्य मानले जाते आणि क्लॅम्प त्या कडेच्या मागे बसवला जातो. गुळगुळीत कापलेल्या टोकावर क्लॅम्प कितीही आवळला, तरी तेलाचा ओशट थर आत शिरताच होज निसटतो. स्क्रूची साधी पट्टी-क्लिप मऊ होजला कापते. टी-बोल्ट क्लॅम्प सर्व बाजूंनी सारखा दाब देतो. होज बसवताना ग्रीस किंवा ऑइल लावण्याची सवयही घातक आहे. पाण्याचा हात पुरेसा असतो.

नळीसाठी ॲल्युमिनिअम, साधे पोलाद आणि स्टेनलेस पोलाद यांचा वापर होतो. ॲल्युमिनिअम हलके आहे आणि गंजत नाही, पण त्याचे टिग वेल्डिंग जमणारा कारागीर मिळाला पाहिजे. साध्या पोलादाची नळी आतून गंजली, तर सुटलेला गंजाचा कण थेट इंजिनात जातो. कोणत्याही धातूत वेल्डिंगनंतर आतील मणी आणि कीस साफ करणे टाळता येत नाही, कारण या नळ्यांनंतर इंजिनापर्यंत एकही गाळणी नसते.

तेल, पाणी आणि धूळ

क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ बहुतेक जुन्या इंजिनांत टर्बोच्या आधीच्या नळीत सोडलेली असते. त्यामुळे पाइपिंगमध्ये ऑइलचा पातळ थर दिसणे सामान्य आहे. नळीच्या मार्गात खोल भाग राहिला, तर मात्र हे ऑइल तेथे साचते. संथ चालीत ते शांत पडून राहते आणि चढावर पूर्ण दाब येताच एकदम इंजिनात ओढले जाते. डिझेल इंजिन हे ऑइलच इंधन म्हणून जाळू लागते आणि काही वेळा बेकाबू होऊन वेग वाढवत राहते. चावी बंद करून ते थांबत नाही, कारण इंधन पंपाकडून येतच नसते. अशा वेळी हवा बंद करणे किंवा, मॅन्युअल गिअरच्या गाडीत, ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन दाबणे हेच मार्ग उरतात. फिरत्या कॉम्प्रेसरच्या तोंडाजवळ उघडा हात नेणे अत्यंत धोकादायक आहे.

टर्बो निकामी होऊन नवा बसवला, तर इंटरकूलर आणि सर्व नळ्या उतरवून धुणे हा कामाचा भाग समजला पाहिजे. जुन्या टर्बोतून आलेले ऑइल आणि फुटलेल्या पात्यांचे तुकडे इंटरकूलरच्या गाभ्यात राहतात. ते न काढल्यामुळे दुरुस्त केलेले इंजिन पुन्हा उघडावे लागल्याची उदाहरणे कमी नाहीत.

टर्बोनंतरच्या भागात दाब असतो, म्हणून तेथील चिरेतून हवा बाहेर जाते. एअर फिल्टर ते टर्बो या भागात परिस्थिती उलट असते: तेथे ओढ असते आणि चिरेतून धूळ आत येते. कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीत या होजला पडलेली लहानशी चीर कॉम्प्रेसरची पाती झिजवते आणि पुढे सिलिंडरची भिंतही. इंजिनाचा आवाज किंवा शक्ती यांत सुरुवातीला काहीच फरक पडत नसल्याने ती लक्षात येत नाही. इंटरकूलर पाइपिंगचे काम काढताना या होजची पाहणी करणे म्हणूनच महत्त्वाचे. पावसाळ्याच्या दृष्टीने फिल्टरचे तोंड खाली, बंपरजवळ आणण्याचा बदलही टाळावा. ओढ्याच्या पाण्यातून जाताना पाणी ओढले गेल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो.

गळतीची लक्षणे आणि तपासणी

दाब गळत असल्यास फुस्स असा आवाज, कमी झालेली ओढ आणि जोडाभोवती ऑइलचा ओला डाग ही लक्षणे दिसतात. धुराचे स्वरूप इंधनव्यवस्थेवर अवलंबून असते. बूस्टचा दाब जाणून त्यानुसार इंधन सोडणारे साधन ज्या यांत्रिक पंपावर आहे, त्या इंजिनात गळतीमुळे इंधनही कमी होते, म्हणून मुख्यतः शक्ती घटते. असे साधन नसलेल्या पंपात इंधन तेवढेच जाते, हवा कमी पडते आणि काळा धूर निघतो. पंपाकडे जाणारी बारीक दाबनळी निसटली असेल तरी शक्ती कमी होते. मोठ्या नळ्या सोडवण्यापूर्वी ती पाहावी.

गळतीचा आणखी एक परिणाम सहसा नजरेआड राहतो. वेस्टगेटला दाबाची खूण कॉम्प्रेसरजवळून मिळत असेल, तर गळतीमुळे तेथील दाब कमी भासतो, वेस्टगेट बंदच राहते आणि टर्बो ठरलेला दाब गाठण्यासाठी जास्त वेगाने फिरतो. अशा स्थितीत महिनोन्‌महिने चालवलेल्या गाडीचा टर्बो अकाली जातो. दोष मात्र टर्बोच्या कंपनीला दिला जातो.

तपासणी सोपी आहे. एअर फिल्टरकडील होज सोडवून टर्बोच्या तोंडाशी वाल्व बसवलेली टोपी घट्ट लावायची, पंक्चरच्या दुकानात असते तशा कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी टाकायचे. पंक्चर शोधताना येतात तसे बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. दाब गाडीच्या नेहमीच्या बूस्टपेक्षा जास्त नेऊ नये. क्रँककेसची श्वासनळी त्याच भागात उघडत असल्यास ती आधी बंद करावी, अन्यथा ऑइल सील निसटतात. इंटरकूलरचा गाभा स्वतंत्र काढून पाण्यात बुडवूनही तपासता येतो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाचा अर्थ लावताना निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांविरुद्ध जाणारे बदल अमान्य ठरवले. खराब झालेले होज किंवा नळ्या त्याच जागी, त्याच कामासाठी बदलणे ही दुरुस्ती होय. बूस्ट आणि इंधन वाढवून इंजिनाची शक्ती बदलणे हा निराळा विषय आहे, आणि पत्रा किंवा चासी कापून केलेल्या मार्गाबद्दल तपासणीच्या वेळी प्रश्न उपस्थित होऊ शकतो.

खासगी मोटारीची नोंदणी सुरुवातीला १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत केली जाते. सुरुवातीच्या सफारी आणि स्कॉर्पिओ या टप्प्याच्या पुढे गेलेल्या आहेत. पीयूसी तपासणीत डिझेल वाहनाच्या धुराची मर्यादा भारत स्टेज ४ पूर्वीच्या वाहनांसाठी ६५ हार्ट्रिज एकके, तर भारत स्टेज ४ वाहनांसाठी ५० एकके आहे. ही चाचणी गाडी उभी असताना इंजिनाला झटक्यात पूर्ण वेग देऊन घेतली जाते. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसल्याने बूस्ट थोडाच तयार होतो. त्यामुळे दाब असतानाच उघडणारी होजची चीर या चाचणीत लपून राहू शकते आणि पीयूसी उत्तीर्ण झालेली गाडी घाटात मात्र काळा धूर सोडते.